लायसेनॉप्सचा सुळा

माणसांच्या तोंडांना मी कंटाळले आहे, हे आधीच सांगून टाकते. तोंडात प्रत्यक्ष डोकावतात ते डॉक्टर. माझ्याकडे आधी येतं ते नुसतं माप, म्हणजे रबरासारख्या लगद्यात उमटलेला कुणाचा तरी जबडा. त्यात मी प्लास्टर ओतते, प्लास्टरवर मेण चढवते, मेणात एकेक दात बसवते आणि शेवटी गुलाबी हिरडीसकट कवळी तयार करून परत पाठवते. अकोल्यातल्या आमच्या घराच्या पुढच्या खोलीत हे काम चालतं; गावातली गिऱ्हाइकं चाव, म्हणजे वरचे-खालचे दात कसे टेकतात ते, बघायला तेवढी इथे येऊन बसतात. अमरावतीच्या दोन-तीन दवाखान्यांची मापंही बसमधून डब्यात येतात. तीस वर्षांत किती जबडे हातांखालून गेले ते मोजलं नाही, मोजायची इच्छाही नाही. मान दुखते, बोटांना अक्रेलिकचा वास कायमचा चिकटलाय, आणि लग्नाच्या पंगतीत शेजारची बाई हसली की मी तिच्याशी बोलायचं सोडून तिचे दात कुठे टेकतात ते बघत बसते.

हे काम मला बाबांनी शिकवलं. बाबा तरुणपणी अमरावतीला एका दाताच्या डॉक्टरकडे झाडलोट करायला लागले आणि बघता बघता त्यांचा हात मेणावर बसला. आजोबांनी धम्म स्वीकारला होता, मुलानं शिकावं असं त्यांना फार वाटायचं. पण घरात खाणारी माणसं जास्त आणि कमावणारी कमी, म्हणून शिक्षण मॅट्रिकवर थांबलं. पुढे अकोल्याला येऊन त्यांनी स्वतःचं टेबल टाकलं. वलगावपासून धामणगावपर्यंतचे म्हातारे त्यांनी केलेल्या कवळ्या घालून भाकरी खायचे. त्यातल्या काही घरांत बाबांना पाणी वरून ओंजळीत ओतून मिळायचं. "माह्या हातचं पाणी चाले ना, माह्या हातचे दात चालत," असं ते हसत सांगतात. मला त्यात हसण्यासारखं काही वाटत नाही, पण ते हसतात म्हणून मीही हसते.

स्वतःचे दात बाबांनी त्र्याऐंशीव्या वर्षापर्यंत टिकवले. शेवटचे चार राहिले होते, तेही मागच्या उन्हाळ्यात काढावे लागले. मला खरं सांगायचं तर आनंदच झाला. अर्ध्या जिल्ह्याला दात पुरवणाऱ्या माणसाला आता मी दात देणार होते. नवरा जाऊन सहा वर्षं झाली, मुलगी पुण्याला नोकरीला, घरात मी आणि बाबा दोघंच. हिरड्या भरून यायची वाट पाहिली, माप घेतलं, आणि त्यांचा एक जुना फोटो टेबलासमोर भिंतीवर लावला. पन्नाशीतले बाबा, भरलेले गाल, मिशी, दुकानाच्या दारात उभे. जुन्या फोटोवरून चेहरा धरायचा, ही आमच्या धंद्यातली नेहमीची रीत आहे. त्या फोटोकडे बघत मी महिनाभर काम केलं. बाबांनी कवळी घातली आणि आरशासमोर फोटोतले बाबा उभे राहिले. मी पदरानं डोळे पुसले.

ती कवळी त्यांनी चार दिवस घातली. मग ती पलंगाशेजारच्या स्टीलच्या वाटीत पाण्यात पडून राहू लागली. मी विचारलं, टोचते का? नाही म्हणाले. सैल आहे का? नाही. चांगली आहे, म्हणाले. मग घालत काहून नाई, तर म्हणे घालतो ना. मी खोलीत गेले की घातलेली असायची, बाहेर आले की वाटीत. मी दुसरी केली, फोटोकडे अजून नीट बघून. मग तिसरी. तिन्हींची गत एकच. जेवायच्या वेळी ते म्हणायचे, तू जेवून घे, मी मंग जेवतो. ताट खोलीत नेऊन ठेवायचे मी. परत यायचं तेव्हा भाताचा मधला भाग तेवढा गेलेला, वरणाची वाटी रिकामी आणि भाकरी जशीच्या तशी. कधीकधी भाकरी नसायची, पण मागच्या अंगणातल्या कावळ्यांची गर्दी बघून ती कुठे गेली ते कळायचं.

हिवाळ्यात त्यांच्या शर्टाची कॉलर मानेभोवती फिरायला लागली. तपासणीला नेलं तेव्हा डॉक्टर माझ्यावरच चिडले. नुसत्या वरणाच्या पाण्यावर हे किती दिवस काढतील, म्हणाले. असंच चाललं तर नाकातून नळी घालावी लागेल, आणि या वयात एकदा नळी आली की सहसा जात नाही. घरी येताना रिक्षात बाबा बाहेर बघत होते आणि मी त्यांच्याकडे. मला भीती वाटत होती आणि त्याहून जास्त राग येत होता. दमलेल्या माणसाला राग फार लवकर येतो. ज्या माणसानं मला कवळीतला केसभर फरक बोटानं ओळखायला शिकवलं, तो माझ्या कवळीत काय चुकलंय ते सांगत नव्हता.

अशात अमरावतीहून बुटांचा एक खोका आला. आत कापसात गुंडाळलेली प्लास्टरची कवटी होती, वीतभर लांब, जुन्या दातासारखी पिवळी पडलेली. खालचा जबडा वेगळा निघत होता. पुढे बारीक टोकदार दातांची रांग, मग वरच्या उजव्या बाजूला बोटभर लांब वाकडा सुळा, आणि डाव्या बाजूला सुळ्याच्या जागी नुसता खुंट. मला वाटलं कुत्रा असावा. सोबत चिठ्ठी होती: एका कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवणारे सर, माझं नाव त्यांना त्यांच्या दाताच्या डॉक्टरनी सांगितलेलं. विभागाचं काचेचं कपाट हलवताना कवटी पडली होती. दोन महिन्यांनी ते निवृत्त होणार होते आणि मोडकी वस्तू मागच्यांच्या गळ्यात घालून जायचं नाही, असं त्यांनी लिहिलं होतं.

मी नाही म्हणणार होते. माणसांचीच कामं तुंबली होती. पण पुढच्या रविवारी सर स्वतःच बसनं आले, उन्हातून चालत, डोक्यावर रुमाल. चहाला नाही म्हणाले नाहीत, हे मला आवडलं. मी विचारलं, हा कुत्रा की लांडगा? ते म्हणाले, नाव लांडग्यावरूनच पडलंय. लायसेनॉप्स, म्हणजे लांडग्याच्या तोंडाचा. पण लांडगा यायला अजून फार वेळ होता. हा पंचवीस कोटी वर्षांच्याही आधीचा, डायनासोरच्याही आधीचा. आफ्रिकेतल्या खडकात याची हाडं सापडली. अंगानं साधारण मोठ्या कुत्र्याएवढा. सरीसृप म्हणावं तर दात सस्तन प्राण्यासारखे वेगवेगळ्या कामाचे, आणि सस्तन म्हणावं तर तेही पुरतं लागू होत नाही.

"म्हणजे आपला आजोबा?" मी विचारलं.

आजोबा नाही, म्हणाले, आजोबांचा चुलत भाऊ. त्याच्या वंशात कुणी उरलं नाही. पुढे एक काळ असा आला की जमिनीवरचं आणि समुद्रातलं बहुतेक सगळं मेलं, त्यात हेही गेले. याच्याच गोतातल्या कुणाचे तरी तुकडे म्हणे प्राणहितेच्या खोऱ्यातल्या खडकातही मिळालेत. आपली वर्धा कौंडण्यपूरवरून जाते, ती पुढे वैनगंगेला मिळून प्राणहिताच होते ना, असं म्हणून ते थांबले, जणू नदीमुळे त्या जनावराशी आमची ओळख निघाली. मला त्यांची गंमत वाटली. आम्हा वऱ्हाडातल्या लोकांना कुणीही भेटलं की आधी गाव विचारायची सवय आहे.

मग त्यांनी कवटीच्या डोळ्यामागचं एक भोक दाखवलं. एकच भोक, दोन्ही बाजूंना. मला म्हणाले, कानशिलावर बोट ठेवा आणि दात आवळा. मी ठेवलं. कानशील बोटाखाली फुगलं. हाच स्नायू, म्हणाले, या भोकातून खाली जबड्याला जायचा. सरड्याला असं एकच भोक नसतं, आपल्यात आणि याच्यात ते सारखं आहे. कवळीचा चाव घेताना मी शेकडो कानशिलांवर बोट ठेवलं असेल, पण ते इतकं जुनं आहे हे मला कुणी सांगितलं नव्हतं. आतल्या खोलीतून बाबांच्या पलंगाची करकर ऐकू आली. ते ऐकत होते.

निघता निघता सरांनी अजून एक सांगितलं. याचा सुळा तुटला तर शेजारच्या खाचेत दुसरा वाढत असायचा, जन्मभर. म्हणजे त्याला माझी गरजच नव्हती, मी म्हणाले. सर मोठ्यानं हसले आणि कवटी ठेवून गेले.

ते काम मला आवडलं. किती महिन्यांनी एखादं काम आवडलं होतं. उजव्या सुळ्याचं नुसतं माप घेऊन चालणार नव्हतं, डावा उलट वाकतो. म्हणून टेबलावर आरसा उभा केला, आरशात उजवा सुळा बघायचा आणि मेण कोरायचं. मागच्या कडेला करवतीसारखे बारीक दाते होते, ते सुईनं काढले. आठ दिवस मी सकाळचे पहिले दोन तास त्याला दिले. सुळा बसवला तेव्हा जोडी अशी जमली की सरांनाही नवा कुठला ते ओळखू आलं नसतं. फक्त रंग जरा पांढरा राहिला.

तिथे मी थांबायला हवं होतं. पण आमच्यात काम झालं की दोन्ही जबडे एकत्र बसवून, मधे निळा कागद धरून चावून बघतात. दात जिथे टेकतात तिथे निळा ठिपका उमटतो. ठिपके सगळीकडे सारखे आले पाहिजेत. मी सवयीनं कवटीत कागद धरला आणि जबडा मिटला. पुढे ठिपके आले. मागे, गालाकडच्या त्या बारक्या दातांवर, एकही नाही. वरचे आणि खालचे एकमेकांना लागतच नव्हते. मला वाटलं सुळ्यासारखे तेही पडून तुटले असणार. हा खाणार कसा, या विचारानं माझा जीव कासावीस झाला. पंचवीस कोटी वर्षांपूर्वी मेलेलं जनावर, आणि मला त्याच्या जेवणाची काळजी! मी अक्रेलिक कालवलं आणि मागच्या दातांना एकेक थर देत गेले. मग घासलं, कागद धरला, पुन्हा घासलं. तीन दिवसांनी ठिपके सगळीकडे सारखे आले. मी तृप्त झाले.

सर न्यायला आले तेव्हा मी कवटी त्यांच्यासमोर ठेवली आणि जबडा उघडझाप करून दाखवला. सुळा बघून ते खूश झाले. मग त्यांची नजर मागे गेली. त्यांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला. फार भला माणूस. म्हणाले, "बाई, हा चावत नव्हता."

मी म्हणाले, सर, तुम्हीच तर दात आवळायला लावले होते.

आवळायचा, म्हणाले, पण शिकार पकडायला. सुळे खुपसायचे, पुढच्या दातांनी लचका तोडायचा आणि तसाच गिळायचा. मागच्या दातांना फारसं कामच नव्हतं. खऱ्या हाडांत पाहिलं तर त्या दातांवर घासल्याची खूण सापडत नाही. एकमेकांना लागलेच नाहीत तर झिजतील कसे? झीज बघूनच आम्हाला कळतं कोण कसा खात होता. मग हसू दाबत म्हणाले, तुम्ही याला माणसासारखं जेवायला बसवलं.

माझे कान तापले. तेवढ्यात आतल्या खोलीतून हसण्याचा आवाज आला. कित्येक महिन्यांत बाबा असे हसले नव्हते. खोकला येईपर्यंत हसले. मी सरांना म्हणाले, ठेवून जा, मी सगळं उतरवून देते. बसची वेळ झाली होती, ते गेले. मी कवटी घेऊन आत गेले ती भांडायच्याच तयारीनं.

बाबा पलंगावर उठून बसले होते. त्यांनी कवटी मागून घेतली. अंगठा मागच्या दातांवरून फिरवला, जसा माझ्या पहिल्या कवळ्यांवरून फिरवायचे. काम साजरं केलं, म्हणाले. मग खाली मान घालून, जबडा उघडत-मिटत म्हणाले, "पन त्याले इचारलं नाई तू, तो कसा खाते."

मी म्हणाले, तो काय सांगणार होता, बाबा.

"मी तं सांगू शकत होतो," बाबा म्हणाले. "मलेबी नाई इचारलं."

त्यांनी वाटीतली कवळी उचलली, झटकली, तोंडात घातली. फोटोतले गाल वर आले. मग ते मोजायला लागले. आमच्याकडे ही बाबांनीच घातलेली पद्धत आहे. कवळी तयार झाली की आम्ही माणसाला एकसष्टपासून सत्तरपर्यंत मोजायला लावतो. त्या आकड्यांत जीभ आणि ओठ असे फिरतात की दात उंच झाले असतील तर बोलताना एकमेकांवर आपटतात. दर कवळीला मी हे करते. अमरावतीच्या डॉक्टरांनाही फोनवर आठवण करून देते. एकट्या बाबांना मी मोजायला लावलं नव्हतं. ज्यांनी परीक्षा घ्यायला शिकवलं त्यांची परीक्षा कशी घ्यायची, असं काहीतरी डोक्यात असणार. तिन्ही वेळा नाही लावलं.

एकसष्ट, टक. बासष्ट, टक. त्रेसष्ट, टक. बाबा शांतपणे सत्तरपर्यंत गेले आणि प्रत्येक आकड्याला माझी कवळी वाजली. नुसतं बसलेलं असताना माणसाचे दात टेकलेले नसतात, मधे तांदळाच्या दाण्याएवढी फट असते; जबडा तेवढ्यातच विसावतो. मी ती फट ठेवलीच नव्हती. त्र्याऐंशी वर्षांच्या झिजलेल्या जबड्यात मी पन्नाशीतल्या माणसाची उंची बसवली होती. घातली की जबडा सारखा ताणलेला, ओठ मिटायला जोर लागणार, घास गिळताना कानापर्यंत कळ जाणार. नव्या शिकाऊ पोरीनं केली असती तर मी कवळी तिच्या हातात परत दिली असती.

बाबांनी कवळी काढून वाटीत ठेवली. आवाज मऊ झाला. म्हणाले, तुझ्या मनात भिंतीवरचा फोटो होता ना. खरंच होतं ते. मला त्यांना जेवता यावं असं वाटत होतं, पण त्याआधी मला ते गाल परत हवे होते.

"मंग सांगतलं काहून नाई?" मी विचारलं. माझा आवाज चढला होता. "नळी घालायची पाळी आली, तरी नाई सांगतलं?"

बाबांनी मला लोखंडी कपाटाचा खालचा खण उघडायला सांगितला. तिथे बिस्किटांचा छोटा पत्र्याचा डबा होता. आत मलमलच्या कापडात एक कवळी, वरची आणि खालची. मी लगेच ओळखली. आईची. आईचे दात पन्नाशीच्या आधीच हिरड्यांच्या आजारानं गेले होते आणि बाबांनी तिला दात करून दिले होते. ते सगळ्या नातेवाइकांत गाजले होते. लग्नातली नवरी परत आली, असं मावशी म्हणायची. आई अकरा वर्षं ती कवळी घालून वावरली आणि त्यातच गेली. तिला जाऊन आता बारा वर्षं झाली.

पाहा, म्हणाले बाबा. मी खिडकीशी जाऊन पाहिलं. पहिल्यांदा कळलं नाही. मग मागच्या दातांवर अंगठा फिरवला. अक्रेलिकचे दात मऊ असतात, दोन-तीन वर्षांत त्यांची टोकं बोथट होतात, पाच वर्षांत सपाट. ज्वारीची भाकरी खाणाऱ्याच्या तोंडात तर आधीच. आईच्या कवळीची टोकं माझ्या अंगठ्याला टोचली. मेणातून काढल्या दिवशी असतील तशी होती. अकरा वर्षं तोंडात राहिलेल्या दातांवर घासल्याची एक खूण नव्हती.

"लग्नातल्या फोटोवरून केले होते मीनं," बाबा म्हणाले. "ती गेली तवा काढून धुतले, तवा समजलं. एक घास नाई खाल्ला तिनं याच्यानं. मले तिचा चेहरा पायजे होता, तं तिनं देला. कधी बोलली नाई." त्यांनी डबा माझ्या हातून घेतला. "तिनं मले नाई सांगतलं. मंग मी तुले कोन्या तोंडानं सांगू?"

मी तिथेच जमिनीवर बसले. मला आईची रोजची सवय आठवत होती. सगळ्यांना वाढून झालं, भांडी आवरून झाली की ती स्वयंपाकघरात एकटी जेवायची, दाराकडे पाठ करून. मी लहान असल्यापासून बायका शेवटी जेवतात हेच बघत आले होते, म्हणून त्यात काही वेगळं वाटलं नाही. जेवायला बस म्हटलं की म्हणायची, तुमी घ्या, मी मंग जेवतो. अगदी बाबा म्हणायचे तेच शब्द. बाबांनी ते तिच्याकडून घेतले की दुखणाऱ्या जबड्याला दुसरे शब्द सुचत नाहीत, कोण जाणे. मला खूप रडू आलं आणि बाबांनी मला रडू दिलं.

दुसऱ्या दिवशी भिंतीवरचा फोटो काढला. आधी लायसेनॉप्सचं काम घेतलं, कारण ते सोपं होतं. मागच्या दातांवर चढवलेलं सगळं घासून काढलं, पुन्हा ते बारके, निरुपयोगी दात उघडे पडले. निळा कागद धरला. पुढे ठिपके आले, मागे काही नाही. तसंच राहू दिलं. कवटी कापसात गुंडाळून, त्याच खोक्यात घालून बसनं अमरावतीला रवाना केली. सरांचा फोन आला, कपाटात ठेवली म्हणाले, आणि निवृत्तीच्या समारंभाला या म्हणाले. मी येते म्हटलं, गेले नाही. माझी मान दुखत होती आणि बाबांचं मेण टेबलावर होतं.

चौथी कवळी करताना मी दर दोन दिवसांनी बाबांना समोर बसवलं आणि मोजायला लावलं. ते खरोखर गिऱ्हाइकासारखे बसायचे, हात मांडीवर. दातांची उंची उतरवत चाव खाली आणावा तसतसे गाल आत जात होते. हनुवटी नाकाच्या दिशेनं वर आली, ओठांभोवती सुरकुत्यांची जाळी पडली. मी कोरत होते आणि माझ्याच हातांखाली एक म्हातारा माणूस तयार होत होता. प्रत्येक थर उतरवताना जीवावर यायचं. एकसष्ट, बासष्ट, त्रेसष्ट. शेवटी एके दिवशी सत्तरपर्यंत काहीच वाजलं नाही. बाबांनी आरसा मागितला नाही. मीही दिला नाही.

त्या दुपारी ज्वारीची भाकरी आणि वांग्याची भाजी केली होती. सवयीप्रमाणे मी त्यांचं ताट घेऊन खोलीकडे निघाले, तर ते स्वतःच भिंतीला धरत स्वयंपाकघरात आले. इथंच वाढ म्हणाले. मी पाट मांडला. त्यांनी भाकरीचा तुकडा मोडला, भाजीला लावला आणि तोंडात घातला. सावकाश, एका बाजूनं, मग दुसऱ्या. मी त्यांच्या तोंडाकडे बघायचं टाळत होते, म्हणून नजर कानशिलावर गेली. पातळ कातडीखाली तो स्नायू वर येत होता, खाली जात होता. अर्धी भाकरी होईपर्यंत मी तेच बघत बसले. माझ्या ताटातलं सगळं निवून गेलं होतं.

"जेव ना वं," बाबा म्हणाले. "काहून पाहून राहिली?"

मी घास घेतला. आई कशी जेवायची, घास मोठा घ्यायची की लहान, कोणत्या बाजूनं चावायची, ते आठवायचा मी प्रयत्न करत होते. काही आठवेना. अकरा वर्षांत मी तिला जेवताना एकदाही पाहिलं नव्हतं.